इंग्रजी पत्राची भीती कशाला?



पाऊस झाला, वाफसा आला, तुम्ही सोयाबीन पेरले. आठ-दहा दिवस झाले तरी ओळी उघड्याच. दुकानदार म्हणतो, "कंपनीला लिहा." पिशवीवर पाहावे तर कंपनी परराज्यातली आणि पत्ता इंग्रजीत! इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. "आपल्याला कुठले जमते इंग्रजी पत्र?" असे म्हणून माणूस दुबार पेरणीला लागतो आणि नुकसान मुकाट्याने सोसतो.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. सगळीकडे इंग्रजी लागत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने आपल्या राज्याचा कारभार मराठीत चालतो. तेव्हा तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समिती यांच्याकडे पहिली तक्रार मराठीतच द्या. तालुक्याची तक्रार समिती शेतावर येऊन पंचनामा करते. तो होईपर्यंत रान मोडू नका. इंग्रजी हवे ते फक्त मराठी न जाणणाऱ्या कंपनीसाठी.

आता पत्राची मांडणी पाहू. वर एका बाजूला आपले नाव, पत्ता, पिनकोड आणि तारीख. तारखेत महिना अक्षरी लिहावा, म्हणजे सहावा की सातवा असा घोळ होत नाही. त्याखाली कंपनीचा पत्ता. मग 'डिअर सर ऑर मॅडम'. नंतर 'सब्जेक्ट' लिहून एका ओळीत विषय: सोयाबीन बियाणे न उगवल्याबद्दल तक्रार, लॉट नंबर अमुक. या एका ओळीवरून पत्र योग्य टेबलावर जाते.

मजकुराचे तीनच परिच्छेद पुरेत. पहिल्यात खरेदी: कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेला, किती पिशव्या, कोणते वाण, बिल नंबर काय. दुसऱ्यात घडले ते: पेरणी कधी केली, पाऊस किती होता, उगवण किती झाली. इथे "सत्यानाश झाला" असे लिहू नका. मोजून लिहा. एक मीटर ओळीत वीस दाणे पडले आणि सहाच उगवले, तर तेवढेच लिहा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी, असा दंडक आहे. तुमचा आकडाच तुमच्या बाजूने बोलेल. तिसऱ्यात मागणी: पाहणीला माणूस पाठवा, बियाण्याची किंमत व भरपाई द्या आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या.

शाळेत शिकवलेले 'आय बेग टू स्टेट' विसरा. आपण भीक मागत नाही. 'आय बॉट थ्री बॅग्ज', 'आय सोड देम', अशी छोटी सरळ वाक्ये चालतात. शेवटी 'युअर्स फेथफुली' आणि सही. सुरुवातीला साहेबाचे नाव घातले असेल, तर मात्र 'युअर्स सिन्सिअरली' लिहायची रीत आहे. खाली 'एन्क्लोजर्स' लिहून सोबतच्या कागदांची यादी द्या.

बिल, पिशवीवरचे लेबल आणि पंचनामा यांच्या झेरॉक्स जोडा, अस्सल कागद घरी ठेवा. रिकामी पिशवी आणि उरलेले मूठभर बियाणेही जपा. पत्राची एक प्रत ठेवून पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या प्रतीला टाचून ठेवा.

उत्तर आले नाही, तर हीच प्रत कामी येते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फीही नाही.

घरात शिकलेली लेक किंवा सून असेल, तर तिला लिहायला बसवा. पण मजकूर तुम्ही सांगा. तारीख, पाऊस आणि उगवण तुमच्याइतकी कोणाला ठाऊक? पत्राचे बळ इंग्रजीत नसते, खऱ्या हकिगतीत असते. आणि ती तर तुमच्याच रानातली आहे.