सारखे दिसले म्हणून जोडीचे नसते

आपल्या कितीतरी घरांत मोटारसायकल हे रोजीचे साधन आहे. कुणी तिच्यावर दूध पोचवतो, कुणी कापडाची फेरी करतो, कुणी मुलांना शाळेत सोडून कामाला जातो. अशी गाडी निळा धूर सोडू लागली, इंजिन ऑइल भराभर कमी होऊ लागले, की मिस्त्री म्हणतो, इंजिनचे काम निघाले. खर्चाचा आकडा ऐकला की घरात पहिला विचार येतो जुन्या बाजाराचा. तिथून पिस्टन, हेड किंवा क्रँक आणला तर? या विचारात गैर काही नाही. मात्र कुठला भाग दुसऱ्या गाडीचा चालतो आणि कुठला चालत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

शंभर सीसीच्या साध्या गाडीचेच उदाहरण घेऊ. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, 50 मिलिमीटर. वापराने सिलिंडर झिजला की लेथवाला तो किंचित मोठा करतो आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवतात. असे पिस्टन साधारण 0.25, 0.50, 0.75 आणि 1 मिलिमीटरने मोठे मिळतात आणि तो आकडा बहुधा पिस्टनच्या माथ्यावरच कोरलेला असतो. जाणता उस्ताद आधी पिस्टन आणतो, तो मायक्रोमीटरने मोजतो आणि मग त्या मापाने सिलिंडर कापून घेतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरची आतली बाजू लोखंडाची असते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. मध्ये जागा कमी राहिली तर पिस्टन चालत्या गाडीत जाम होतो, मागचे चाक अडकते आणि स्वार पडतो. जागा जास्त राहिली तर खडखड आणि धूर.

रिंगचेही तसेच. 0.50च्या बोअरमध्ये 0.25ची रिंग सहज जाते, म्हणून ‘चालून जाईल’ असे वाटते. शाळेतले गणित लावा. व्यासात 0.25चा फरक म्हणजे परिघात सुमारे 0.79 मिलिमीटरचा. रिंगच्या दोन टोकांमधली फट तेवढीच वाढते आणि तिथूनच ताकद निसटते, तेल जळते.

काही भाग तर जन्माचे जोडीदार असतात. क्रँककेसचे दोन अर्धे भाग एकत्र मशिनवर घेतलेले असतात, त्यातला एकच बदलून भागत नाही. प्रत्येक वॉल्व्ह घासून घासून आपल्या सीटवर बसलेला असतो. चेन आणि स्प्रॉकेट सोबत झिजतात, म्हणून सोबतच बदलावेत. त्यासाठी इंजिन खोलताना प्रत्येक जोडीला वेगळा डबा आणि डब्यावर चिठ्ठी हवी.

हौशी मुलांना यामाहा आरएक्स 100 आणि आरएक्स 135 ही नावे सांगायला नकोत. दोन्हींचा स्ट्रोक 50 मिलिमीटर, बोअर मात्र एकाचा 50 आणि दुसऱ्याचा 58. स्ट्रोक सारखा, म्हणून 135चे सिलिंडर 100वर चढवायचा मोह होतो. फरक दिसायला 8 मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे इंजिनची क्षमता 98 वरून 132 सीसीवर जाते. मग हेड, गास्केट, कार्ब्युरेटरची जेट हे सगळेच नव्याने जुळवावे लागते.

फसगत साध्या बोल्टमध्येही होते. जुन्या बुलेटला ब्रिटिश मापाचे आटे असत. पाव इंची बोल्ट 6.35 मिलिमीटरचा, आपल्या बाजारातला मेट्रिक बोल्ट 6 मिलिमीटरचा. पाव इंचाच्या बारीक आट्यात तो फिरतोही, पण पूर्ण धरत नाही. पाना जोरात फिरवला की केसमधले आटे जातात आणि दहा रुपयांच्या बोल्टपायी लेथचे काम निघते.

कायद्याची बाजूही आहे. गाडीची माहिती आरसी बुकाशी जुळेनाशी होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार करता येत नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. जुन्या बाजारातली केस बसवली की नंबर बदलला. ती केस चोरीच्या गाडीची निघाली तर पोलीस ठाण्याच्या चकरा घरच्यांनाच माराव्या लागतात. अपघातानंतर विमा कंपनीही हाच नंबर तपासते.

तेव्हा गाडी गॅरेजला देताना तीन गोष्टी मागून घ्या: बदललेल्या भागांची यादी आणि बिल, काढलेले जुने भाग, आणि बोअर-पिस्टनचे माप बिलावर लिहून. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. आणि घरातला मुलगा गॅरेजात हुनर शिकत असेल, तर पहिल्या कमाईतून त्याला एक चांगला व्हर्नियर आणि एक फिलर गेज घेऊन द्या. डोळ्याच्या अंदाजाने इंजिन बांधणारे पुष्कळ आहेत. माप घेऊन बांधणाऱ्याकडे गिऱ्हाईक लांबून येते.