तांबेरा कोणता, हे गहूच सांगतो

जानेवारीच्या अखेरीस गव्हाच्या शेतातून चालून आल्यावर पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी झाला, की पिकावर तांबेरा आला हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र कोणता तांबेरा, हे एवढ्यावर ठरत नाही. गव्हाचे तांबेरे तीन, तिन्ही पुक्सिनिया या बुरशीच्या वेगवेगळ्या जाती. पिवळ्या तांबेऱ्याला थंडी हवी, म्हणून त्याचा त्रास पंजाब-हिमाचलाकडे. महाराष्ट्रात प्रश्न पडतो तो पानावरचा नारिंगी की खोडावरचा काळा, एवढाच. दोहोंत काळा अधिक घातकी. तो खोडातून ओंबीकडे जाणारे अन्नपाणी वाटेतच अडवतो. मग दाणा चिमतो आणि ताट मध्येच मोडून पडते. १९४६-४७च्या हंगामात मध्य भारतातला गहू त्यानेच बुडवला होता.

पहिली ओळख डोळ्यांनी पटवायची. पानावरच्या तांबेऱ्याचे फोड लहान, गोलसर, नारिंगी-तपकिरी आणि बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला विखुरलेले असतात. खोडाच्या तांबेऱ्याचे फोड लांबट आणि विटकरी. ते खोडावर, खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणावर आणि पानाच्या दोन्ही बाजूंना येतात. खात्री करायची तर फोडाची कड पाहावी. हा तांबेरा वरची साल फाडून बाहेर पडतो, त्यामुळे कडेला सालीच्या पांढुरक्या चिंध्या उभ्या राहतात. साध्या भिंगातून त्या स्वच्छ दिसतात, बोटाला खरखर लागते. काळा रंग मात्र शोधत बसू नये. हंगामभर हे फोड विटकरीच असतात. पीक पिकू लागले की त्याच फोडांत काळे बीजाणू तयार होतात.

काळ्या रंगाने फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. काही वाणांच्या कांड्यांवर आणि ओंबीच्या तुसांवर काळपट-तपकिरी पट्टे उमटतात. ओल्या बोटाने पुसले तर बोटाला काहीच लागत नाही, कारण तिथे बुरशी नसतेच. हा रंग एसआर-२ या जनुकाच्या सोबतीने येतो. खोडाच्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जनुकांना ‘एसआर’ आणि पुढे आकडा अशी नावे आहेत. त्यांतले एसआर-२ हे तांबेऱ्याला पूर्ण थोपवत नाही, पण त्याचा वेग कमी करते आणि जगभर वापरले गेले आहे. म्हणजे रोगट समजून जे ताट उपटावे, तेच जरा दणकट निघायचे. 

फोडांतली थोडी भुकटी पाण्याच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली की शंका फिटते. खोडाच्या तांबेऱ्याचे विटकरी बीजाणू लांबट, आणि त्यांच्या मध्यावर सहसा चार रंध्रे एका ओळीत. पानाच्या तांबेऱ्याचे बीजाणू गोलसर, रंध्रे विखुरलेली. काळे बीजाणू दोन्हींचे दोन पेशींचे. खोडाच्या तांबेऱ्यात त्यांचे टोक गोल किंवा निमुळते, पानाच्या तांबेऱ्यात चपटे.

जात कळली, तरी वाण निवडणाऱ्याला त्यापुढचे हवे असते. खोडाच्या तांबेऱ्याच्या अनेक रेस आहेत. एक रेस एका वाणाला खाऊन टाकते, दुसरी त्याच वाणापुढे हात टेकते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघींचे बीजाणू सारखेच दिसतात. मिनेसोटातले वनस्पतिरोगतज्ज्ञ एल्विन स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी यांनी यावर जो उपाय काढला तो अजून चालतो: बुरशीला विचारू नका, गव्हाला विचारा. त्यांनी ठरावीक १२ गहू निवडले आणि प्रत्येक नमुना त्या बाराही गव्हांवर टाकून पाहिला. त्या बारांत एक आपली खपली होती. सांगली-साताऱ्याकडे पुरणपोळीसाठी राखलेला हा गहू तांबेऱ्याला चांगला दाद न देणारा; एसआर-१४ हे जनुक खपलीतूनच मिळाले.

प्रत्यक्ष काम असे चालते. शेतातून फोड आलेली खोडे कापून कागदी पाकिटात घालतात. प्लास्टिकची पिशवी नको. आत घाम धरतो आणि भलतीच बुरशी चढते. पाकिटावर वाण, गाव, तारीख. ही बुरशी जिवंत गव्हावरच जगते, काचेच्या बशीतल्या खाद्यावर सहजी वाढवता येत नाही. म्हणून ती आधी ‘आग्रा लोकल’सारख्या सहज बळी पडणाऱ्या गव्हावर वाढवतात आणि एकाच फोडातली भुकटी वेगळी काढून पुन्हा वाढवतात, कारण शेतातल्या एका खोडावर दोन रेस एकत्र नांदत असू शकतात. मग त्या ठरावीक गव्हांच्या आठवडाभराच्या रोपांवर ती भुकटी फवारतात. रात्रभर अंधार आणि पानांवर दव. बीजाणू रुजतो, पर्णरंध्रापर्यंत पोहोचतो, पण आत शिरायला या तांबेऱ्याला उजेड लागतो. तेव्हा सकाळी दिवे लावून पाने सावकाश सुकू देतात. अंधारातच ठेवली तर रोपे निरोगी राहतात आणि सगळेच वाण चिवट असल्याचा भ्रम होतो.

साधारण दोन आठवड्यांनी पान वाचायचे. नुसता फिकट ठिपका, किंवा मेलेल्या डागात बारीक फोड, म्हणजे गहू जिंकला: शून्य ते दोन गुण. मोठे मोकळे फोड म्हणजे तीन-चार, गहू हरला. तापमान हातचे सुटले तर मात्र वाचन खोटे ठरते: एसआर-६ हे जनुक वीस अंशांच्या आसपास काम करते आणि पंचविशीत ढेपाळते.

हल्ली बारांऐवजी वीस गहू घेतात, प्रत्येक एका ठरावीक एसआर जनुकासाठी, आणि त्यांचे चार-चारांचे पाच गट. चार गव्हांच्या हार-जितीच्या १६ शक्यता, म्हणून १६ रोमन व्यंजने, दर गटाला एक. चारही जिंकले तर ‘बी’, चारही हरले तर ‘टी’. १९९८ साली युगांडात सापडलेली ‘युजी९९’ ही ‘टीटीकेएसके’. वीसपैकी तीनच गहू तिच्यापुढे टिकले. शेवटच्या गटात एसआर-३१ हरले हे खरे दुखणे. जगातल्या कितीतरी वाणांची भिस्त त्याच्यावर होती.

भारतात हे काम सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात आणि महाबळेश्वरात चालते. महाबळेश्वराची थंड, दमट हवा गव्हाला नि तांबेऱ्याला वर्षभर जगवते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे केंद्र तिथे त्यासाठीच आहे. मैदानी उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही, तो डोंगरांतून वाऱ्यावर परत येतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवले. खोडाच्या तांबेऱ्यासाठी तो डोंगर मुख्यतः निलगिरी-पळणीचा.

डीएनए तपासून आता रेसचे घराणे लवकर कळते. पण ती नव्या वाणावर बसेल का, हे रोपावर पाहूनच ठरते. युजी९९ मुद्दाम इथे आणून पाहण्यात शहाणपण नाही. म्हणून भारतीय वाण केनियात न्जोरोला पाठवतात, आणि तिथल्या शेतात, तिथल्याच तांबेऱ्यात ते वाढवून पाहतात.