काचेमागची चित्रे इतिहासात आणणारी जया अप्पासामी

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच दिल्लीत राष्ट्रीय कलासंस्था उभ्या राहिल्या. १९५४ मध्ये जयपूर हाउसमध्ये आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले आणि त्याच वर्षी ललित कला अकादमी स्थापन झाली. इमारती, प्रदर्शने आणि पुरस्कार यांची तजवीज शासन करू शकते. परंतु देशाचा कलावारसा कशाला म्हणावे, हे शासकीय आदेशाने ठरत नाही. त्यासाठी जाणती नजर आणि साक्षेपी लेखणी लागते. चित्रकर्ती आणि लेखिका जया अप्पासामी (१९१८–१९८४) यांच्यापाशी दोन्ही होत्या.

मद्रासमध्ये जन्मलेल्या अप्पासामी शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्या परंपरेत घडल्या. पुढे चीन आणि अमेरिकेत शिक्षण घेऊन त्या दिल्लीत आल्या. येथे त्यांनी कलाशिक्षण दिले, चित्रे काढली आणि ‘ललित कला कंटेम्पररी’ या अकादमीच्या नियतकालिकाचे संपादन केले. अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचा काळ यांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये अकादमीने प्रसिद्ध केला. समकालीन कलेची चर्चा अशा लेखनातूनच बळावते. केवळ प्रदर्शनांच्या संख्येने नव्हे.

तथापि त्यांचे अधिक मोलाचे कार्य उपेक्षित चित्रांसंबंधीचे आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील लोकप्रिय चित्रकलेकडे अभ्यासक दीर्घकाळ ऱ्हासकाळाची खूण म्हणून पाहत. अप्पासामी यांनी तिचा संग्रह केला आणि तिच्यावर ग्रंथ लिहिले. काचेवरील चित्रांचे तंत्र चीनशी असलेल्या व्यापाराबरोबर भारतात आले. हे चित्र काचेच्या मागील बाजूने रंगवून पुढून पाहायचे असते. त्यामुळे नेहमीचा क्रम उलटतो: डोळ्यांच्या रेषा आणि दागिने आधी, अंगवस्त्रांचे सपाट रंग नंतर आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. पुढचा थर चढला की आधीची रेषा दुरुस्त करता येत नाही. बाजारासाठी काम करणाऱ्या कारागिराचे हे कौशल्य ‘हलकी कला’ म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होते.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा त्यांचा ग्रंथ मराठा काळातील तंजावर चित्रशैलीवरचा आहे. तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत चाललेल्या भोसले राजवटीच्या आश्रयाने ही शैली बहरली. लाकडी फळीवर कापड, त्यावर चुन्याचा लेप, उठावाचे काम, सोन्याचा वर्ख आणि काचमणी अशी तिची घडण होती. मराठी राज्यकर्ते, तमिळ भूमी आणि तेलुगू परंपरेशी नाते सांगणारे चित्रकार यांचा हा संगम आजच्या भाषिक राज्यांच्या चौकटीत बसत नाही. म्हणूनच त्याची जबाबदारी कोणा एका राज्यावर टाकता येणार नाही.

सांस्कृतिक धोरणासाठी अप्पासामी यांचे कार्य एक सरळ धडा देते. काच फुटते, लाकडाला कीड लागते, वर्ख निघून जातो. अशा कलाकृतींची नोंद, छायाचित्रण आणि जतन हे तातडीचे सार्वजनिक काम आहे. त्यांच्याविषयीचे अभ्यासपूर्ण लेखन उपलब्ध ठेवणे आणि भारतीय भाषांत आणणे हाही त्या जतनाचाच भाग होय. वस्तू राहिली, पण तिचा अर्थ सांगणारे पुस्तक वाचकापर्यंत पोहोचले नाही, तर वारसा अर्धाच उरतो.