औषध सापडले, पत्ता सापडायचा आहे

रावेर-सावद्याच्या केळीउत्पादकाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. घड उत्तम पोसला म्हणजे काम झाले असे नव्हे. तो डाग न लागता दिल्लीच्या बाजारात उतरला, तरच पीक हाती आले म्हणायचे. वैद्यकशास्त्रातील एका आशादायक शाखेची आजची अवस्था नेमकी अशी आहे. रोगाला कारण होणाऱ्या जनुकाला गप्प बसविणारे आरएनए औषध मानवाच्या हाती आले आहे. ते शरीरातील हव्या त्या अवयवापर्यंत सुखरूप पोहोचविण्याची विद्या मात्र अजून अपुरी आहे. आणि ती जेथे अपुरी पडते, तेथेच खानदेशातील आदिवासी कुटुंबांचा एक जुना, वेदनामय प्रश्न अडकलेला आहे.

या औषधाचे तत्त्व समजण्यास कचेरीतील व्यवहार पुरेसा आहे. मूळ दस्तऐवज अभिलेखागारातून सहसा बाहेर जात नाही. त्याची नक्कल निघते आणि पुढचे काम त्या नकलेवर चालते. पेशीतही जनुक केंद्रकात राहते आणि त्याची आरएनएरूपी नक्कल बाहेर येऊन प्रथिन घडविते. दुहेरी आरएनएचा एक छोटा तुकडा पेशीत सोडला, तर तिची स्वतःचीच यंत्रणा त्याच्याशी जुळणारी नक्कल शोधून नष्ट करते. मूळ दस्तऐवजाला धक्का लागत नाही, पण त्याचा अंमल थांबतो. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत हे दाखवून दिले. २००१ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींतही तसे घडविता येते हे सिद्ध झाले आणि २००६ मध्ये फायर व मेलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृत सापडले

तत्त्व सापडल्यापासून पहिले औषध बाजारात येईपर्यंत वीस वर्षे लोटली. त्याचे कारण एकच, वाहतूक. उघडा आरएनए रक्तात सोडला तर तेथील विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात आणि उरलेला मूत्रपिंडांतून वाहून जातो. त्यातूनही जो पेशीपर्यंत पोहोचतो, त्याला पेशी आत घेते ती एका पिशवीत बंद करून. तीतून निसटून कामाच्या जागी पोहोचणारे तुकडे अत्यल्प. या अडचणींना कंटाळून २०१० च्या सुमारास काही बड्या औषध कंपन्यांनी या क्षेत्रातून काढता पायही घेतला होता.

मार्ग निघाला तो यकृताच्या स्वभावातून. मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळलेला आरएनए रक्तात शिरला की त्या कणांवर मेदवाहक प्रथिन चिकटते आणि यकृत त्यांना आपलेच समजून आत घेते. या युक्तीने २०१८ मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान हे या जातीचे पहिले औषध मान्य झाले. त्याहून सुटसुटीत युक्ती म्हणजे आरएनएला गॅलनॅक नावाची शर्करा जोडणे. यकृताच्या पेशींवर तिला ओळखणारे ग्राहक विपुल असल्यामुळे पाकिटावर बिनचूक पत्ता लिहिल्यासारखे औषध थेट तेथे जाते. कोलेस्टेरॉल उतरविणारे इन्क्लिसिरान याच वर्गातले. सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षाला दोन टोचण्या पुरतात. थोडक्यात, आज ज्या रोगांचे मूळ यकृतात आहे त्यांना पत्ता लाभला आहे. इतरांचे काय?

मज्जा दूरच

धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री, जळगावातील चोपडा व यावल, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी जमातींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हिमोग्लोबिनमधील एका घटकाच्या बदलाने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. म्हणजे हे दुखणे ओळखीचे होऊन सत्तर वर्षे उलटली.

या रोगाचा उगम यकृतात नसून अस्थिमज्जेत आहे. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. ते पेशींना विळ्याचा आकार घेऊ देत नाही. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचे जनुक ते बंद करते. हे जनुक गप्प केले, तर गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. बॉस्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सहा रुग्णांवर हेच केले आणि ते हिमोग्लोबिन वाढलेले आढळले. परंतु मज्जेला पत्ता नसल्यामुळे मार्ग केवढा अवघड! रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढावयाच्या, विषाणूच्या साहाय्याने त्यांत आरएनए घडविणारे जनुक बसवावयाचे, तीव्र औषधाने मज्जा रिकामी करावयाची आणि मग त्या पेशी परत सोडावयाच्या. बाहेरून नुसता तुकडा टोचून भागत नाही, कारण मज्जेतील पेशींच्या पिढ्यांमागून पिढ्या निपजतात आणि तो तुकडा दर पिढीत विरळ होत जातो. बीसीएल११एच्याच नियंत्रक भागाला कात्री लावणारा कॅसजेव्ही हा उपचार २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर आहे. फिलाडेल्फियातील संशोधकांनी त्याच वर्षी, प्रतिपिंड जोडलेले मेदकण नुसत्या टोचणीने उंदरांच्या मज्जेतील मूळपेशींपर्यंत पोहोचविता येतात, हे दाखविले. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे आहे. पण आपल्या आशेची दिशा हीच असली पाहिजे.

काय मागावे?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. जेथे साधी गोळी नियमित मिळत नाही, तेथे मेदकणांच्या गोष्टी कशाला? आक्षेपात तथ्य आहे. हायड्रॉक्सियुरिया हे जुने औषध रोज घेतल्याने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते आणि झटके कमी होतात. मात्र त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी लागते, आणि पाड्यावरच्या आईला ती नजीकच्या केंद्रात मिळाली पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. पण तपासणी हे उपचाराचे दार आहे, उपचार नव्हे. निदानाचे कार्ड हाती देऊन गोळी न देणे म्हणजे रुग्णाला भीती देऊन आधार काढून घेणे होय.

तरीही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. यकृताचे रोग श्रीमंत देशांच्या बाजारपेठेत आहेत, म्हणून त्यांना भांडवल मिळाले. मज्जेसाठी स्वस्त टोचणी शोधणे हे काम निव्वळ बाजारावर सोपविता येणार नाही. ते सार्वजनिक निधीनेच व्हावे लागेल. साहित्य आपल्याकडे आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या जिनोव्हा संस्थेने मेदकणांवर आधारलेली देशी आरएनए लस मान्य करून घेतली. २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या 'बिरसा १०१' या देशी जनुक-उपचारात पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचा सहभाग आहे. औषधांचे वहन हा औषधनिर्माणशास्त्राचाच विषय. आणि त्याचे शिक्षण देणारी महाविद्यालये शिरपुरात आहेत, धुळ्यात व जळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जळगावला विद्यापीठ आहे. या सर्वांनी सातपुड्याच्या पायथ्याचा हा रोग आपला अभ्यासविषय मानला, तर विद्यार्थ्याला परदेशी प्रबंधांची उजळणी करीत बसावे लागणार नाही.

अट एकच. पावरा किंवा भिल्ल रुग्ण हा रक्ताच्या नमुन्यांचा पुरवठादार ठरता कामा नये. चाचणीची माहिती त्याला त्याच्या भाषेत मिळावी, संमती खरी असावी आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या उपचाराची किंमत करारातच बांधलेली असावी. शास्त्रज्ञ मज्जेचा पत्ता आज ना उद्या शोधतील. पाड्याचा पत्ता शासनाला ठाऊक आहे. तेथपर्यंत गोळी पोहोचविण्यास कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.