शाळेची घंटा आणि शरीरातले घड्याळ

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण प्राथमिक शाळेत असतील. सुरुवातीला सुट्टीच मिळाल्यासारखे वाटले असेल. मग मोबाईलवर तास सुरू झाले. घरात मोबाईल एक आणि भावंडे तीन! कोणी रेंजसाठी गच्चीवर जाई, तर कोणी टेकडीवर. त्या वर्षी जगभरातील सुमारे १५० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या.

दप्तराचे ओझे नाही, चालण्याचे श्रम नाहीत; तरी मुले दमू लागली, चिडू लागली, रात्री जागू लागली. ‘दिवसभर बसूनच तर असतोस, तुला दमायला काय झाले?’ असे घरातील मोठी माणसे विचारीत. या प्रश्नाचे उत्तर आपल्या शरीरातच आहे.

समजा, एखादा कुत्रा तुमच्या अंगावर धावून आला. मेंदूकडून इशारा मिळताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. छाती धडधडते, रक्तातील साखर वाढते. ही सारी पळण्याची तयारी! तुम्ही पळता, संकट टळते आणि शरीर पूर्ववत होते.

पण संकट टळलेच नाही तर? हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की इजा कोणत्याही प्रकारची असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते. आणि इजा होतच राहिली, तर शरीर खंगते. साथीच्या काळात भीती रोजचीच होती. आजी आजारी पडेल का? बाबांचे काम सुटेल का? शरीर पळण्याच्या तयारीत आणि पळायला मात्र जागा नाही!

दुसरे कारण आहे मेंदूतील घड्याळ. कधी झोपायचे, कधी उठायचे हे ते ठरवते. पण बहुतेकांच्या बाबतीत त्याचा एक फेरा २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला, की हे घड्याळ रोज जुळवले जाते. शाळेला चालत जाताना हे काम आपोआप होत असे. तासाला पाच मिनिटे असताना उठून खोलीतच बसले आणि रात्री उशिरापर्यंत पडद्याचा उजेड पाहिला, की घड्याळ मागे पडणारच.

तिसरे कारण पडद्याचेच. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपल्यावर साधारण एक-पंचमांश सेकंदात दुसरा बोलू लागतो. मोबाईलवर आवाज उशिरा पोहोचतो आणि ही लय बिघडते. शिवाय कॅमेरा एकीकडे, चेहरा दुसरीकडे. त्यामुळे नजरेला नजर भिडत नाही. राहून गेलेले हे दुवे जुळवताना मेंदू शिणतो.

म्हणजे शाळा केवळ धडे देत नव्हती. जाण्यायेण्याची वाट, मधल्या सुट्टीतील पळापळ, डबा खाताना मित्राला सांगितलेले गुपित, या साऱ्यांतून मनावरचा ताण रोज थोडा थोडा उतरत होता. मोबाईलवरून धडे तेवढे आले. बाकीचे मागेच राहिले. तेव्हा चिडणारे मूल आळशी नव्हते आणि दुबळेही नव्हते.

शाळा पुन्हा भरू लागल्या. पण परीक्षेच्या दिवसांत आपण खेळ बंद करतो, रात्री जागतो, खोलीत कोंडून घेतो. हा तोच प्रकार नव्हे काय? एक प्रयोग करून पाहा. आठवडाभर झोपण्याची व उठण्याची वेळ, उन्हात घालवलेली मिनिटे आणि खेळाची मिनिटे वहीत लिहा. रोज संध्याकाळी मनःस्थितीला दहापैकी गुण द्या. आठवड्याच्या शेवटी आकड्यांत काही संबंध दिसतो का, ते शिक्षकांबरोबर तपासा.

आणि मन फारच जड झाले, तर घरी किंवा शिक्षकांना सांगा. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. ताप आला की आपण सांगतो ना? मग हे सांगण्यात संकोच कसला?