कोरी पाने तशीच राहू द्या

जानेवारीत नवी डायरी घरात येते. पहिले आठ-दहा दिवस आपण नेमाने लिहितो. मग संक्रांत येते, पाहुणे येतात आणि लेखन थांबते. थांबण्यात वावगे काही नाही. खरी अडचण पुन्हा सुरू करताना येते. कोरी पाने पाहून अपराधी वाटते. आधी मागचे भरून काढू, मग आजचे लिहू, असे आपण ठरवतो आणि दोन्ही राहून जाते.

लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १ जानेवारी १६६० रोजी रोजनिशी लिहायला घेतली. १६६५ ची प्लेगची साथ, १६६६ ची आग, घरातली भांडणे, जेवणखाण सारे त्याने लघुलिपीत टिपले. लिहिण्याने डोळे जातील या भीतीने ३१ मे १६६९ रोजी त्याने ती थांबवली. डोळे गेले नाहीत. तो १७०३ पर्यंत जगला. १६८३ मध्ये टँजियरच्या प्रवासात त्याने काही नोंदी ठेवल्या, पण ती रोजची वही पुन्हा उघडली नाही. पुढच्या चौतीस वर्षांतला आरमाराचा अधिकारी कागदपत्रांत सापडतो. घरातला पीप्स मात्र तसा पुन्हा भेटत नाही.

माझी वही अम्मीच्या आजारपणात बंद पडली. त्या दिवसांत ती खूप बोलायची. माहेरच्या गोष्टी सांगायची, जात्यावरच्या ओव्या म्हणायची. नंतर निवांत लिहू, असे मी म्हणत राहिलो. ती गेल्यावर लिहायला बसलो, तेव्हा तिचे शब्द थोडे आणि माझेच अधिक उतरले.

म्हणून सांगतो, सुरुवात आजपासून करा. छापील तारखांची डायरी नको, साधी रेघी वही घ्या. तारीख आपल्या हाताने घाला, म्हणजे कोरे पान टोचणार नाही. खंड का पडला, याचा खुलासा लिहू नका. रात्री जेवणानंतरची वेळ ठरवा आणि तीनच गोष्टी लिहा : काय पाहिले, कोण भेटले, कोण काय बोलले. डाळीचा भाव, मृगाचा पहिला पाऊस, नातवाचा नवा शब्द, काहीही चालेल. बोललेले शब्द मात्र जसेच्या तसे टिपा, कारण तेच आधी विसरतात.

पुन्हा खंड पडला, तर पडू द्या. एक ओळ सोडा, तारीख घाला आणि पुढे लिहा. घरात कुणी म्हातारे माणूस असेल, तर आज रात्रीच.