मोरीतलं पाणी जातं कुठे?

मैत्रिणींनो, नळाला पाणी किती वाजता येतं हे आपण झोपेतही सांगू. पण तेच पाणी वापरून झालं आणि मोरीच्या जाळीतून खाली गेलं की पुढे कुठे जातं? ‘गटारात’, असंच म्हणाल ना? आणि गटार कुठे जातं?

जरा हिशेब मांडू या. भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी पाणीयोजना आखताना माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, असं मानतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज 540 लिटर!

आम्ही कोसबाडकर डहाणू तालुक्यातले. हा तालुका केंद्र सरकारने 1991 साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला, कारखान्यांवर बंधनं घातली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणही नेमलं गेलं. छानच झालं. पण मोरीला कोण नोटीस बजावणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातले 311 नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांत सर्वांत जास्त, 55, आपल्या महाराष्ट्रातले. दोष नुसता कारखान्यांचा नाही. देशातल्या शहरांच्या सांडपाण्यापैकी निम्म्यालाही पुरतील एवढी शुद्धीकरण केंद्रं त्याच मंडळाला 2021 साली आढळली नव्हती.

खरकटं, तेल, मैला पाण्यात गेला की जीवाणू त्यावर ताव मारतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात ते त्यामुळे. शुद्धीकरण केंद्रात हेच काम टाकीत करून घेतात. आधी जाळीने कचरा अडवायचा, वाळू खाली बसू द्यायची, मग टाकीत हवा फुंकायची म्हणजे जीवाणू जोमाने घाण खातात. तळाशी बसलेल्या गाळातला थोडा पुढच्या पाण्यात परत घालतात. अगदी आपल्या विरजणासारखं! ही युक्ती 1914 साली मँचेस्टरमध्ये सापडली. आपल्या आज्यांना विचारलं असतं तर लवकर सापडली असती, नाही का?

जिथे केंद्र नाही, तिथे घरची सेप्टिक टाकी हेच आपलं केंद्र. घर बांधताना गवंडी म्हणतो, “वहिनी, टाकीचं पाणी गटारालाच जोडून देतो.” तेवढं मात्र ऐकू नका. टाकीत मैला अर्धवटच कुजतो, बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यातच गेलं पाहिजे. खड्डा विहिरीपासून निदान 60 फूट लांब हवा. आणि फिनेल, ॲसिड ओतताना हात आखडता घ्या. जाहिराती काहीही सांगोत, टाकीतले जीवाणूच मेले तर टाकी म्हणजे नुसता हौद. दोन-तीन वर्षांनी ती गाडी बोलावून उपसून घ्यावी. आत माणूस उतरवू नका, तो कितीही ‘सवय आहे’ म्हणाला तरी. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि 2013 च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

मोरीच्या पाण्याचं मात्र सोपं आहे. पूर्वी परसात मोरीच्या तोंडाशी कर्दळ, अळू, केळी असायची ना? आज सांडपाणी गाळायला वनस्पतींचे वाफे करतात, त्यातही कर्दळच लावतात. ताट-कढई आधी कागदाने पुसून घ्या, तेल मोरीत जाऊ देऊ नका. दगड-विटांचे तुकडे भरलेला खड्डा, त्याच्या अलीकडे गाळ बसायला छोटंसं कुंड आणि कडेने कर्दळ, एवढं पुरतं. कुंड दर महिन्याला उपसावं. समुद्राजवळ, जिथे पाणी हातभरावर लागतं, तिथे मात्र खड्ड्याऐवजी वाफाच बरा.

पाणी तुंबून वास यायला लागला, तर साबणाच्या चिकट थराने खड्ड्याचं तोंड धरलं आहे असं समजा. वरचे दगड काढून उन्हात वाळवावेत, झटकून परत भरावेत. दिवाळीच्या साफसफाईत हे काम सहज होऊन जातं.